गाडीतला टॉर्च घेताना आधी सेल बघा

जुलैचा महिना, रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले. साखरप्याहून आंबा घाट चढत होतो आणि मागचं डावं चाक बसलं. पाऊस थांबून थांबून येत होता, ढग पार रस्त्यावर उतरले होते. समोरच्या कप्प्यातून टॉर्च काढला, बटण दाबलं. काही नाही. मागचं झाकण उघडायला गेलो तर ते फिरेना. घरी आल्यावर पक्कड लावून उघडलं तेव्हा कळलं, की दोन्ही सेल आत फुटून स्प्रिंगवर पांढऱ्या-हिरव्या खपल्या जमल्या होत्या. तीन वर्षं तो टॉर्च गाडीत होता आणि त्या तीन वर्षांत मी तो एकदाही लावून पाहिला नव्हता.

मग मोबाइल दातांत धरला. मोबाइल दातांत धरून स्टेपनी बदलता येते असं ज्याला वाटतं त्याने एकदा बदलून पाहावी. तोंडाला पाणी सुटतं, मान अवघडते आणि बायकोला "जरा इकडे ये" म्हणायचीही सोय राहत नाही. चौथा नट हातातून सुटला तो थेट कडेच्या गवतात.

मागून आलेला एक ट्रकवाला थांबला. "काय झालं दादा?" म्हणत उतरला. त्याच्या कपाळाला छोटासा हेडटॉर्च होता. नट पडलाय म्हटल्यावर त्याने तो कपाळावरून काढला आणि चक्क जमिनीला टेकवून आडवा धरला. गवताच्या काड्यांच्या हातभर सावल्या पडल्या आणि त्यात एक सावली जाड, आखूड. तोच नट. "वरनं बत्ती मारली की सगळं सारखंच दिसतंय. आडवी मारायची," एवढं बोलून त्याने पानाही माझ्या हातून घेतला. दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागली.

तेव्हापासून गाडीतल्या टॉर्चच्या बाबतीत मी जरा हट्टी झालो आहे. कोणी नवीन गाडी घेतली की "कुठला टॉर्च घेऊ?" म्हणून विचारतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, किती असावेत. माझा उलट प्रश्न असतो, की सेल कुठले आहेत? गाडीतला टॉर्च वर्षातले तीनशे साठ दिवस नुसता पडून असतो, तोही भट्टीत. तो कधी लागेल ते आपण ठरवत नाही. म्हणून उजेड नंतर, आधी सेल.

घरी आपण टॉर्चला बॅटरीच म्हणतो. पण बॉनेटखाली आणखी एक बॅटरी बसलेली असल्यामुळे घोळ नको, म्हणून या लेखात टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल.

पायरी १: काम काय आहे ते ठरवा

गाडीपाशी रात्री जी कामं पडतात त्यातली बहुतेक हाताच्या अंतरावरची असतात. चाक बदलणं, बॉनेट उघडून कूलंट बघणं, फ्यूज शोधणं, सीटखाली पडलेली चावी काढणं, डिकीत जॅक कुठे बसवलाय ते पाहणं. या कामांना ५० ते १५० लुमेनचा पसरट उजेड पुरतो. त्याहून जास्त असला तर पांढऱ्या रंगावरून, क्रोमवरून परत डोळ्यांत येतो.

दुसरं काम म्हणजे चालणं. गाडी सोडून ढाब्यापर्यंत किंवा कडेच्या वस्तीपर्यंत जायचं झालं तर शंभर ते तीनशे लुमेन छान. पावसाळ्यात रस्त्याकडेला उतरताना पहिला झोत पायांपुढे टाकायचा, कारण तापलेल्या डांबरावर साप येऊन पडतात आणि आपण अंधारात दार उघडून नेमके तिथेच पाय ठेवतो.

तिसरं काम लांबचं पाहण्याचं. पुढे दरड आली आहे का, झाड पडलं आहे का, ओढ्याला पाणी किती आहे. याला लांब जाणारा झोत लागतो. पण खरं सांगायचं तर हे काम गाडीचे हेडलाइट पुष्कळदा करतात. त्यामुळे दोनशे-चारशे मीटरवर झोत टाकणारा टॉर्च दुकानात कितीही भारी वाटला तरी तो दुसरा टॉर्च म्हणून घ्यावा, पहिला म्हणून नाही.

पायरी २: सेल निवडा

इथे घाई करू नका.

उन्हात उभी केलेली गाडी किती तापते याचा एक अभ्यास अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीत ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्डसुद्धा ४८ पर्यंत पोचला. आता नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा आणि गाडी ऑफिसबाहेर नऊ ते सहा उभी आहे असं समजा. सेल निवडायचे ते या हिशेबाने.

साधे झिंक-कार्बन सेल. किराणा दुकानात घड्याळासाठी, रिमोटसाठी मिळतात ते स्वस्त सेल बहुतेक हेच असतात. यांचं बाहेरचं जस्ताचं नळकांडं हेच सेलचं एक टोक असतं आणि सेल वापरला जातो तसतसं ते आतून झिजत जातं. झिजलं की भोक पडतं आणि आतला द्रव बाहेर. घड्याळात ठीक आहेत. गाडीत नकोत. माझ्या टॉर्चमध्ये हेच होते.

अल्कलाइन. यांची ताकद जास्त, पडून टिकतातही जास्त, साधारण ५५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. पण गळतात. रिकामे होऊन आत राहिले की हमखास, आणि कधी कधी भरलेले असतानाही. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवा लागली की त्याच्या पांढऱ्या खपल्या होतात. अल्कलाइन वापरायचेच असतील तर ते टॉर्चच्या आत ठेवू नका, बाहेर वेगळ्या डबीत ठेवा. सेल गळले तर नुकसान डबीचं होईल.

१.५ व्होल्टचे लिथियम सेल, जे पुन्हा चार्ज होत नाहीत. गाडीसाठी माझी पहिली पसंती यांना. आकार अल्कलाइनसारखाच, डबल ए किंवा ट्रिपल ए, म्हणजे साध्या टॉर्चमध्येही बसतात. उणे ४० ते ६० अंशांपर्यंत चालतात, दोन दशकं पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात, आणि गळण्याची भीती जवळपास नाही. हातात घेतल्यावर लगेच कळतं: डबल ए अल्कलाइन सेल २३ ग्रॅमच्या आसपास भरतो, हा १५. एव्हरेडीच्या जुन्या सेलची सवय असलेल्या हाताला तो रिकामा वाटतो. महाग असतात आणि सगळ्या दुकानांत मिळत नाहीत, मागवावे लागतात. पण चार सेल घेतले की बरीच वर्षं विषय मिटला. एकच काळजी घ्या: हल्ली "लिथियम" लिहिलेले, यूएसबीवर चार्ज होणारे डबल ए सेलही येतात. त्यांच्या पोटात लिथियम-आयन सेल असतो, त्यामुळे हे गुण त्यांना लागू नाहीत. खोक्यावर चार्ज करू नये असं लिहिलेलं असेल तर तोच आपला सेल.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड. यांचे मंद उतरणारे प्रकार येतात, एनेलूप त्यातला प्रसिद्ध. १.२ व्होल्टचे असले तरी बहुतेक एलईडी टॉर्चमध्ये नीट चालतात आणि सहसा गळत नाहीत. उन्हाळ्यात चार्ज जरा लवकर उतरतो, म्हणून वर्षातून दोनदा घरी आणून चार्ज करायचे. घरात आधीच चार्जर असेल तर ही सगळ्यात शहाणी सोय.

लिथियम-आयन, म्हणजे १८६५० आणि २१७००. आजचे बहुतेक तगडे टॉर्च यांच्यावर चालतात. आकड्यांना घाबरू नका: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. उजेड भरपूर, सी टाइप वायरने चार्ज होतात, रोज वापरायला यांच्यासारखे दुसरे नाहीत. पण यांना दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि पूर्ण चार्ज होऊन पडून राहणं. गाडीत दोन्ही एकदम मिळतात. दोन-तीन उन्हाळ्यांत सेल म्हातारा होतो. असा टॉर्च ठेवायचाच तर साठ टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवा, उन्हाच्या वाटेत ठेवू नका, आणि तापलेल्या गाडीत तर चार्जला लावूच नका. असे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात.

राहिला आपल्या बाजारातला एक खास प्रकार: प्लास्टिकचा मोठा टॉर्च, मागे सरकवून बाहेर येणारी दोन पिनांची कळ, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी होता. त्यात बहुतेक वेळा छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, गाडीच्याच बॅटरीची धाकटी बहीण. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग चार्ज घेत नाही. चार-सहा महिने विसरलात की टॉर्चचं खेळणं झालं. गावच्या घरात, रोज वापरात असेल तर उत्तम. गाडीत अजिबात नको.

सेल गळालेच असतील तर टॉर्च लगेच फेकून देऊ नका. हातात मोजे घाला, डोळे सांभाळा. अल्कलाइनची खपली क्षाराची, ती कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली की विरघळते. झिंक-कार्बनचा स्राव आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. नंतर कोरडं पुसून, स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासायची. माझा जुना टॉर्च असाच परत लागला. आता तो घराच्या माळ्यावर आहे.

पायरी ३: खोक्यावरचे आकडे वाचा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण बाहेर पडणारा उजेड. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा सातशे-आठशे लुमेन देत असे. झोत लांब जाईल की जवळ पसरेल हे लुमेनवरून कळत नाही. त्यासाठी कँडेला, म्हणजे झोत किती एकवटलेला आहे ते, किंवा मीटर, म्हणजे तो किती लांब जातो ते, बघायचे.

चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल१ या अमेरिकी मानकाप्रमाणे आकडे देतात. २००९ मध्ये आलेलं हे मानक खोक्यावर छोट्या चौकोनी चिन्हांनी ओळखता येतं. त्यातल्या दोन खोचा माहीत असाव्यात. "२०० मीटर" याचा अर्थ दोनशे मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स उजेड पडतो. तिथे माणूस उभा आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. कामाचं अंतर निम्मं धरा. आणि "३ तास" याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर यायला तीन तास. हजार लुमेनचा टॉर्च पहिली दोन-तीन मिनिटं हजार देतो, मग तापतो म्हणून स्वतःच तीनशेवर उतरतो आणि पुढे रेंगाळत शंभरवर येतो. हे सगळं "१००० लुमेन, ३ तास" यात कायदेशीर बसतं. म्हणून सगळ्यात वरच्या आकड्याऐवजी मधल्या मोडचे लुमेन आणि तास वाचा. दीडशे लुमेन सहा तास मिळत असतील तर रात्र निघते.

आता थापा कशा ओळखायच्या. एलईडीमधून एका वॅटला ढोबळमानाने शंभर-सव्वाशे लुमेन निघतात. एका चांगल्या १८६५० सेलमध्ये साडेतीन हजार एमएएच (हे सेलच्या क्षमतेचं माप), म्हणजे बारा-तेरा वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे हजार लुमेन फार तर तास-दीड तास. मग बोटभर टॉर्चवर "एक लाख लुमेन" लिहिलेलं असेल तर हसून पुढे जायचं. सेलचंही तसंच. १८६५० वर "९९०० एमएएच" छापलेलं दिसलं की समजा, त्या आकाराच्या नळकांड्यात एवढं मावतच नाही. खरा सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर टाकून बघा. मला एकदा बत्तीस ग्रॅमचा मिळाला होता.

पायरी ४: हात मोकळे राहतील असा घ्या

चाक बदलायला दोन हात लागतात, आणि शंभर वेळा सांगून झालं तरी लोक हातात धरायचाच टॉर्च घेतात. गाडीसाठी एकच टॉर्च घेणार असाल तर हेडटॉर्च घ्या. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांकडे असतो तोच. मान वळेल तिकडे उजेड, सोबत कोणी नसलं तरी काम थांबत नाही. दिसायला बावळट दिसतं, मान्य. अंधारात कोण बघतंय?

दुसरा पर्याय बुडाशी चुंबक असलेला टॉर्च. बॉनेटच्या खालच्या बाजूला, चाकाच्या वरच्या पत्र्याला चिकटवून द्यायचा. घेण्याआधी आपल्या गाडीवर फ्रिजवरचं एखादं चुंबक लावून बघा. बंपर प्लास्टिकचा, पुष्कळ गाड्यांत चाकावरची कमानही प्लास्टिकची, काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं. तिथे चुंबक नुसतंच घसरतं. वाकवता येणारी मान असलेला, काटकोनी डोक्याचा टॉर्च चुंबकासोबत फार कामाचा.

सीटबेल्ट कापायची पाती, काच फोडायचं टोक, होकायंत्र, सायरन असं सगळं एका टॉर्चमध्ये कोंबलेलं मिळतं. त्या टोकाने बाजूची कडक काच फुटते, पुढची काच मात्र दोन थरांत प्लास्टिक घातलेली असते, ती फुटत नाही. ते अवजार हवं असेल तर वेगळं घ्या आणि ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. टॉर्चला टॉर्च राहू द्या.

पायरी ५: पाणी आणि बटण

पाण्याच्या खुणा सोप्या आहेत. आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून शिंतोडे चालतील. आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. कोकणात, घाटात, गोव्यात पावसाळ्यात फिरणाऱ्याने सात घ्यावा. चार हा किमान.

बटणाची परीक्षा डोळे मिटून घ्या. टॉर्च हातात घेतल्यावर अंगठा आपोआप बटणावर जातो का? पहिल्या दाबात काय लागतं? काही टॉर्च प्रत्येक वेळी सगळ्यात प्रखर मोडने सुरू होतात, मग मध्यम, मग मंद, मग लुकलुकणारा, मग एसओएस, आणि परत पहिल्यापासून. अंधाराला सरावलेले डोळे एका दाबात गेले. मंदपासून सुरू होणारा किंवा मागचा मोड लक्षात ठेवणारा घ्या. तीन मोड पुष्कळ झाले.

मऊ, इलेक्ट्रॉनिक बटणाचे टॉर्च बंद असतानाही सेलमधून थोडी थोडी वीज पीत राहतात, कारण आतलं सर्किट तुमच्या दाबाची वाट बघत जागं असतं. शिवाय पिशवीत दाबले जाऊन आपोआप सुरूही होतात. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं की बहुतेक टॉर्चमध्ये दोन्ही प्रश्न सुटतात. तसं होत नसेल तर सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये कागदाचा छोटा कपटा सरकवा. लागेल तेव्हा काढायचा. टक् असा आवाज करणारं, मागचं यांत्रिक बटण असेल तर बंद म्हणजे खरंच बंद.

पायरी ६: विकत घेताना

दुकानात घेत असाल तर झाकण उघडून आत बघा. स्प्रिंग जाड हवी, आट्यांना रबरी कडी हवी. टॉर्च टेबलावर आडवा ठेवा. सरळ घरंगळत खाली गेला तर गाडीच्या बॉनेटवरूनही जाईल. चौकोनी किंवा षटकोनी मान असलेले घरंगळत नाहीत. पांढऱ्या भिंतीवर उजेड पाडा. मधे काळा डाग किंवा निळसर कड असेल तर कामाला त्रास होतो. किंचित पिवळसर उजेडात वायरींचे रंग चांगले ओळखू येतात. निळ्याशार पांढऱ्या उजेडात तांबडी आणि तपकिरी वायर सारखीच दिसते आणि फ्यूज बदलताना तेवढं पुरतं गोंधळायला.

चार्ज होणारा घेत असाल तर एक बारीक गोष्ट. काही स्वस्त टॉर्चवर सी टाइपचं तोंड असतं, पण आत दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. मग दोन्हीकडे सी टाइप असलेल्या वायरने तो चार्जच होत नाही, आणि आपण टॉर्च बिघडला म्हणून परत पाठवतो. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली वायर लावून बघा, लगेच चालू होईल. तशी एक वायर टॉर्चसोबतच गुंडाळून ठेवा.

पायरी ७: गाडीत जागा ठरवा

डिकीत, सामानाखाली, टूलकिटच्या तळाशी ठेवलेला टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागतो. डॅशबोर्डवर ठेवायचा प्रश्नच नाही. वर ६९ अंश वाचलेच. ड्रायव्हरच्या पायापाशी किंवा सीटखाली मोकळा ठेवू नका. ब्रेक मारल्यावर पाण्याची बाटली पॅडलखाली घुसते तसाच टॉर्चही घुसतो, आणि तो बाटलीसारखा चेपत नाही. मी दाराच्या खालच्या कप्प्यात, जाड मोज्यात घालून ठेवतो. मोजा म्हणजे पायातला, जोडी हरवलेला. खडखडत नाही, तापतही कमी, आणि चाक बदलताना तोच हातात घालता येतो. सीटच्या बाजूला वेल्क्रो लावलात तर आणखी चांगलं.

मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांना जागा माहीत हवी. गाडी मुलगी चालवत असेल आणि टॉर्चची जागा फक्त वडिलांना ठाऊक, असं नको.

दुचाकीवाल्यांनी सीटखाली इंजिनाची ऊब आणि हादरे दोन्ही धरून चालावं. लहान हेडटॉर्च, लिथियमचे ट्रिपल ए सेल वेगळे काढून, प्लास्टिकच्या डबीत कापडात गुंडाळून.

पायरी ८: पाडवा आणि दसरा

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी टॉर्च बाहेर काढा. पाच मिनिटं लावून ठेवा, मंद होतो का बघा, सेल काढून टोकं पुसा, चार्ज होणारा असेल तर चार्ज करा. असंच गुढीपाडव्याला. एक सण उन्हाळ्याच्या तोंडावर, दुसरा पावसाळा संपता संपता, दोन्हींत साधारण सहा महिन्यांचं अंतर. वेगळं रिमाइंडर लावावं लागत नाही. माझी मुलगी आता हार आणायला जायच्या आधी विचारते, "बाबा, टॉर्च काढला का?"

सेल बदलताना सगळे एकदम बदला. एक जुना आणि एक नवा एकत्र घातले की जुना आधी रिकामा होतो, नवा तरीही त्याच्यातून वीज ढकलत राहतो आणि जुना गळतो. अर्धवट वापरलेले सेल रिमोटला द्या.

प्रत्यक्ष वेळ आली की

आधी गाडी डावीकडे, जमेल तितकी रस्त्याबाहेर. चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण पन्नास-साठ पावलं मागे. घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. त्रिकोण ठेवायला जाताना टॉर्च खाली, पायांपुढे, आणि येणाऱ्या गाडीच्या काचेवर कधीही मारू नका. लुकलुकणारा पांढरा प्रखर मोडही नको; ड्रायव्हरला अंतर कळेनासं होतं. लाल किंवा पिवळा लुकलुकणारा मोड असेल तर तो गाडीच्या मागे टपावर ठेवा.

धुक्यात प्रखर झोत समोर मारला की पांढरी भिंत उभी राहते. मंद मोड लावा, टॉर्च कपाळावरून काढून कमरेपाशी धरा, झोत खाली. लगेच फरक दिसतो. धुक्यात हेडटॉर्चचा हा एकच दोष आहे, की उजेड डोळ्यांच्या अगदी शेजारून निघतो.

अपघात झाला असेल आणि पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर जवळ जाऊन बटण दाबू नका. लांबूनच लावा, लांबच राहा, आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर १०३३. म्हणून तर मोबाइलचा चार्ज उजेडासाठी जाळायचा नाही. घाटात रेंज एखाद्या वळणावरच येते आणि तिथे पोचेपर्यंत फोन जिवंत असावा लागतो.

चाकाचे नट काढले की चाकाच्या टोपीत ठेवा. टोपी नसेल तर मोज्यात, तोच टॉर्चचा मोजा. तरी एखादा पडलाच तर टॉर्च जमिनीला टेकवायचा, आडवा धरायचा आणि जाड, आखूड सावली शोधायची.